पाडव्याची निळी गाडी

२२ मार्च, शनिवार

शशीचं लायसन्स आज डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, परत पाठवलं. (समोर 'अहो', डायरीत शशी. निदान इथे तरी मोकळेपणा हवा.) उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका होताच, आता डावाही त्याच वाटेला लागलाय. पाकीट त्यानेच चिकटवलं, माझ्या दंडाला धरून कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेला आणि हाताने चाचपून आत टाकलं. चाळीस वर्षं गाडी चालवली. त्यातली तेहतीस इथे बर्मिंगहॅमच्या कारखान्यात गाड्यांचे गिअर बनवण्यात गेली. 

दुपारी वेदचा फोन. "आई, घर विकून टाका ना. रेडिंगला या. इथे खाली रूम आहे, बाथरूम पण आहे." मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, रूमही चांगली असेल. पण एकतीस वर्षं ज्या घरात काढली, ते सोडून मी कुणाच्या तरी खालच्या खोलीत 'येऊ का आत?' विचारत राहायचं?

मी म्हटलं, "माझ्याकडे लायसन्स आहे." १९९३ साली तिसऱ्या खेपेला पास झाले होते आणि त्यानंतर फार तर दहा-बारा वेळा स्टिअरिंग धरलं असेल. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत मुदत. मला गाडी जमली तर आम्ही इथेच. नाही जमली तर मुकाट्याने रेडिंग.

एकसष्टाव्या वर्षी अनुराधाबाई गाडी चालवणार. माझं मलाच हसू आलं.

२९ मार्च, शनिवार

पाच रिफ्रेशर लेसन झाले. इन्स्ट्रक्टर म्हणाला, ऑटोमॅटिक घ्या, तुम्ही छान चालवता, फक्त इतर ड्रायव्हरांशी मराठीत भांडू नका.

गाडी अनुपकडून घेतली. अनुप बर्डे, आपल्या इथल्या मराठी मंडळाचा. सेकंडहँड गाड्यांचं त्याचं शोरूम आहे आणि दरवर्षी गणपतीच्या जेवणाचा खर्च तोच उचलतो. निळी, पाच वर्षांची, छोटीशी. "काकू, डोळे मिटून घ्या. सॉलिहलमधल्या एका गोऱ्या डॉक्टरीणबाईंची आहे. फक्त क्लिनिकला न्यायच्या."

शशीचं म्हणणं, कारखान्यातला जुना दोस्त टेरी मंगळवारी मोकळा आहे, त्याला आधी दाखवू. अहो, पण पाडवा उद्या आहे! साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून मंगळवारी गाडी आणायची? आणि आपल्या माणसाच्या गाडीवर टेरीला तपासनीस म्हणून पाठवायचं, कसं दिसतं ते? डिपॉझिट क्रेडिट कार्डावर भरलं, बाकीचे बँकेतून दिले. शशी म्हणाला, "तुझी गाडी, तू ठरव." अलीकडे त्याला सगळ्यातच खोट दिसते.

मंडळात वरदाला पुन्हा सोडायला जायचा प्रश्न आला. बाई बँकेत मॅनेजर, पण गाडी चालवायला घाबरते. मी तिला म्हटलं, "आता मी सोडत जाईन हं तुला!" ती नुसतीच हसली.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

घड्याळं रात्री एक तास पुढे गेली, त्यामुळे सकाळी सगळीच धांदल. गुढी मागच्या दारी उभारली. अनुप स्वतः गाडी घेऊन आला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, दारासमोरच्या ड्राइव्हवर नारळ फोडला. शेजारची जॅनेट ड्रेसिंग गाउनमध्ये खोबरं खात उभी होती. अनुपने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आमच्या काकूंची भरारी.' बावन्न अंगठे आले.

शशीला घेऊन एक चक्कर मारली. ऑटोमॅटिकला डाव्या पायाला कामच नाही, म्हणून मी तो आपला दुमडून मांडीखाली घेतला. घरी सोफ्यावर बसते तशी. शशी म्हणाला, "हे बरोबर नाही." मी म्हटलं, "तुम्हाला दिसलं कसं?" तर म्हणे, "बसताना हुश्श केलंस त्यावरून."

मग म्हणाला, "जरा रेडिओ बंद कर. दुसऱ्या गिअरला जाताना अडखळतेय." झालं सुरू! मी म्हटलं, "लायसन्स तुमचं गेलंय, माझं नाही. मला शिकवू नका." छान चालली की गाडी.

१४ एप्रिल, सोमवार

पिवळा दिवा लागला आणि निघताना गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी धक्का देते. अनुपकडे गेले. त्याने लॅपटॉप लावला, दहा मिनिटांत दिवा गेला. एक पेनी घेतली नाही! मी बेसनाचे लाडू नेले होते, ते दिले. कागद वगैरे काही दिला नाही त्याने, आणि घरच्या माणसाकडे मी तरी काय मागायचा.

२५ एप्रिल, शुक्रवार

दिवा परत लागला. अनुप म्हणाला, "काकू, चालवत राहा, काही होत नाही. मेमधल्या बँक हॉलिडेनंतर आणा, निवांत बघतो." इतका कामात असून फोन लगेच उचलतो.

शशीने विचारलं, "आज तारीख काय?" म्हटलं पंचवीस. म्हणे, "तीस दिवसांच्या आत गाडी परत करता येते. मी रेडिओवर ऐकलंय. आजच लेखी टाक." घरच्या माणसाला नोटीस? म्हातारा झालाय हा, माणसांवरचा विश्वासच उडालाय त्याचा.

९ मे, शुक्रवार

तीन दिवसांनी गाडी मिळाली. गिअरबॉक्सचं काम केलं म्हणे. चारशे ऐंशी पौंड. "तुमच्याकडून अर्धेच घेतोय, काकू." शशी हटूनच बसला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पावती मागवली. मागताना लाज वाटली मला. अनुपचा सूर थोडा कोरडा वाटला, पण पाठवली त्याने.

१९ मे, सोमवार

लिहू की नको असं झालंय.

शशीचं डोळ्यातलं इंजेक्शन होतं. मोठ्या राउंडअबाउटवर मधोमध गाडी मेली. ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, पण गाडी जागची हलत नाही. मागे हॉर्नवर हॉर्न. एक व्हॅनवाला खिडकी खाली करून काय काय बोलून गेला. शशीने नुसता हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "इंजिन बंद कर. वीस आकडे मोज. सुरू कर." तसं केल्यावर चालली.

इंजेक्शन मिळालं, अर्धा तास उशिरा. परत येताना मोठा रस्ता टाळून गल्लीगल्लीने, वीसच्या स्पीडने आले. शशी वाटेत काहीतरी सांगायला गेला, मी म्हटलं, "आता कृपा करा."

२१ मे, बुधवार

अनुपने आज स्वतः माझ्याबरोबर चक्कर मारली. पाचच मिनिटं. गाडीला काहीही झालं नाही, शहाण्यासारखी चालली. मग शोरूममध्ये दोन पोरं उभी असताना हळूच, अगदी मायेने म्हणाला, "काकू, रागावू नका. पण तुम्ही दोन पायांनी चालवता. एक ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर. आज मी शेजारी होतो म्हणून तुम्ही नीट चालवलीत. या वयात होतं असं. गिअरबॉक्स बिचारा किती सोसणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच असेल का? घाबरल्यावर माणूस काय करतो, त्याला तरी कुठे कळतं? म्हणाला, हवं तर अर्ध्या किमतीत परत घेतो, फक्त तुमच्यासाठी. मी त्याचे आभार मानून आले.

२२ मे

किल्ली खुंटीला लावली. संपलं.

२७ मे, मंगळवार

वेदला सांगितलं. त्याने एकदाही 'बघ, मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, त्याचंच जास्त लागलं. चार तारखेला इस्टेट एजंट घराची किंमत काढायला येणार. गाडी शनिवारी अनुपला परत देऊन टाकणार होते, तर तो म्हणाला पुढच्या आठवड्यात आणा.

मागच्या दारची गुलाबाची फांदी छाटायची राहिलीय. म्हटलं, आता कशाला? नवे लोक येतील ते बघतील. आणि मग बसले रडत. शशी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होता. त्याने आवाज कमी केला, पण बाहेर आला नाही.

१ जून, रविवार

आज आमचं भांडण झालं. पस्तीस वर्षांत झालं नव्हतं असं.

जेवताना शशी एकदम म्हणाला, "तू दोन पायांनी चालवत नाहीस."

मी म्हटलं, "तुम्हाला दिसतं का?"

"नाही दिसत. पण डावा पाय तू खाली सोडतेस कधी? मांडीखाली असतो तो. उतरताना रोज म्हणतेस, 'आई गं, पायाला मुंग्या आल्या.'"

मी घास हातात घेऊन बसले. खरंच की! राउंडअबाउटच्या दिवशीही हॉस्पिटलला उतरल्यावर मी लंगडत रिसेप्शनपर्यंत गेले होते. मुंग्या आलेला पाय ब्रेक कसा दाबेल?

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?" मी ओरडलेच.

"बोलू दिलंस तू?" तोही ओरडला. "पहिल्या दिवसापासून ऐकतोय मी. दुसरा गिअर घसरतोय. तेहतीस वर्षं तेच ऐकत आलो. पण मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, लायसन्स गेलं म्हणून जळता. मला वाटलं, हिला एकटीला जमवायचंय, आपण मध्ये नको."

म्हणाले होते मी तसं. एकदा नाही, चांगलं चार वेळा. मी उठून त्याच्या पानात आमटी वाढली आणि म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "मीठ कमी आहे." मग टेरीला फोन लावून दिला.

३ जून, मंगळवार

टेरी आला. बाहत्तर वर्षांचा, गुडघे बदललेले, पण गाडीखाली माझ्या आधी शिरेल. त्याने आपलं यंत्र लावलं आणि शशीला आकडे वाचून दाखवले. शशी मान हलवत ऐकत होता, किती दिवसांनी असा ताठ बसलेला बघितला. निघालं ते असं: अनुपने गिअरबॉक्सला हातच लावला नव्हता. दर वेळी यंत्राची नोंद पुसून दिवा तेवढा विझवायचा, पन्नास-साठ मैलांनी तो परत लागायचा. तेल तर काळं कुळकुळीत, वर्षानुवर्षं बदललेलं नाही. टेरी म्हणाला, सगळं लिहून सही करून देतो.

मग स्पेअर व्हील बघायला त्याने डिकीचा तळ उचलला आणि मला हाक मारली. "अ‍ॅना, हे काय? उंदराचं औषध?" ('अनुराधा' त्याला जमत नाही.)

कुंकू लावलेले तांदूळ. अक्षता! मूठभर, चाकाच्या खळग्यात. मी तर अक्षता बॉनेटवर टाकल्या होत्या, डिकी उघडलीसुद्धा नव्हती. सॉलिहलची गोरी डॉक्टरीणबाई गाडीला अक्षता वाहत होती की काय? टेरीने चाक बाहेर काढलं तर खाली आपल्याच मंडळाची वर्गणीची पावती. दोन वर्षांपूर्वीची. नाव: वरदा.

मी तिथेच ड्राइव्हवर बसले.

५ जून, गुरुवार

(काल इस्टेट एजंट आला होता. चहा दिला, किंमत ऐकली, सध्या थांबतोय म्हणून सांगितलं.)

आज वरदाकडे गेले, दोन बस बदलून. पावती टेबलावर ठेवली. तिने ती उचलून नाव वाचलं.

"निळी ना?" म्हणाली. "मी ग्रुपवर फोटो बघितला तेव्हाच ओळखली, अनुराधाताई. मला तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? मला वाटलं, गाडी चांगलीच होती, मलाच जमली नाही. अनुपदादा म्हणाले, तुम्ही फार घाबरून चालवता, गिअरबॉक्स खराब केलात. तीनदा पैसे भरले. मग अर्ध्या किमतीत त्यांनाच परत दिली. मी त्यांना थँक्यू म्हणून मिठाई दिली ताई, मिठाई!" आणि ती रडायला लागली. "दोन वर्षं मी गाडीला हात लावला नाही. लोक मला सोडायला येतात, मागून हसतात, कळतं मला."

हसणाऱ्यांत मी होते. तिला सांगितलं तसं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही तर तोंडावर हसायचात, ते परवडतं."

७ जून, शनिवार

पत्र लिहिलं. गाडी सदोष आहे, एकदा दुरुस्तीची संधी दिली, ती फसली, म्हणून गाडी नाकारत आहे, पैसे परत करा. सोबत टेरीचा अहवाल आणि चारशे ऐंशीची ती पावती, जी मागताना मला लाज वाटली होती. एक प्रत क्रेडिट कार्डवाल्यांना; डिपॉझिट कार्डावर भरलंय, म्हणून इथल्या कायद्याने तेही जबाबदार. वाक्यं माझी, शशीने फक्त 'कृपया' तीनदा कापायला लावलं.

९ जून, सोमवार

अनुप घरी आला. पेढे घेऊन. खाली वाकून दोघांच्या पाया पडला.

"काकू, गैरसमज झाला. मी सगळे पैसे देतो. एक पेनी कापत नाही, दुरुस्तीचेही देतो. फक्त मंडळात हा विषय नको. माझी मुलं रविवारच्या शाळेत येतात, लोक काय म्हणतील?"

"वरदाचं काय?"

"त्यांचा विषय वेगळा आहे. जुना आहे."

मी शशीकडे बघितलं. तो म्हणाला, "तुझी गाडी." या वेळी त्याचा सूर वेगळा होता.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. सगळे पैसे, या आठवड्यात. दुसरी गाडी, आपलं घर, विषय संपला. नाही म्हटलं तर हा महिनोन्महिने झुलवेल आणि दिवाळी काही थांबायची नाही. पण वरदाचं ते 'मिठाई, ताई, मिठाई' कानातून जाईना.

म्हटलं, "अनुप, कायद्याने जेवढे होतात तेवढे दे. वापराचे काप. पण तोंड माझं मी विकत नाही. आणि पेढे घेऊन जा."

तो गेल्यावर मी दार लावलं. शशी म्हणाला, "एक पेढा तरी ठेवून घ्यायचा होतास."

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

इथे वड कुठला, मंडळाच्या हॉलमध्ये कुंडीतल्या फांदीभोवती दोरा गुंडाळतो. पंचवीस-तीस बायका. चहाच्या वेळी मी उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. एवढंच म्हटलं, "मी अनुपला गाडी परत करतेय. गाडी खराब होती. मी चांगली चालवते."

एकजण चुळबुळत म्हणाली, "जाऊ दे ना अनुराधाताई, आपलाच माणूस आहे." मला वाटलं, संपलं, आता वाळीत टाकतात. तेवढ्यात वरदा उठली. "तीच गाडी माझ्याकडे होती," म्हणाली. मग मागच्या रांगेतून मीनल म्हणाली, "आमच्या गाडीच्या वेळी तो म्हणाला होता, बायका क्लच जाळतात. मी नवऱ्याची बोलणी खाल्ली वर्षभर."

त्यानंतर चहा गार होईपर्यंत कोणी गप्प बसलं नाही.

२७ जून, शुक्रवार

पैसे आले, वापराचे साडेतीनशे कापून. कार्डवाल्यांचं पत्र गेल्यावर अनुप एकदम सरळ झाला. वरदाचं प्रकरण अवघड आहे, पण ती आता मागे हटत नाही. ग्रुप सोडून अनुप गेला. चार जणांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, आठ जणी रोज फोन करतात. हिशेब वाईट नाही.

टेरीने दुसरी गाडी शोधली. करडी, दिसायला अगदी सामान्य. शशीने बॉनेटवर कान ठेवून पाच मिनिटं ऐकली, मगच हो म्हणाला.

१९ जुलै, शनिवार

आज रेडिंगला गेलो. वेदला कळवलं नव्हतं. पहिल्यांदाच मोटरवे. पहिले वीस मैल मी लॉरीच्या मागेच चिकटून गेले, शशी म्हणाला, "तिला पास कर, तिचा धूर खाऊन मी मरेन." केली पास. ओठ चावून, पण केली. नंतर आणखी सहा केल्या. डावा पाय खाली, शिस्तीत.

सव्वादोन तासांनी वेदच्या दारात उभी केली. त्याने दार उघडलं, आम्हाला बघितलं, मग आमच्या खांद्यांवरून रस्त्यावर टॅक्सी शोधायला लागला.

"आई, तू कशी आलीस? कोणी सोडलं?"

मी किल्ली दाखवली. तो तसाच उभा राहिला. मग माझ्या गळ्यातच पडला, इतका मोठा घोडा. सुनेने खालची खोली दाखवली, खरंच छान आहे, खिडकीत ऊन येतं. म्हणाली, राहा ना चार दिवस.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की राहू. आज चहा दे फक्कड. सहाला निघतो आम्ही, उजेड आहे तोवर घरी पोचायचंय."